माझ्या अंड्यांची टरफलं

मित्रांनो, मी एक जुनी कोंबडी आहे. कोंबडीला म्हातारी म्हणतात, जुनी म्हणत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या घरात माझी गणती मागच्या दाराच्या कडीसारखी आणि पाण्याच्या पिंपासारखी होते, म्हणजे जुन्या वस्तूंत, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. मला सात वर्षं पूर्ण झाली. अंडी द्यायचं मी आता थांबवलं आहे. दिवसभर परसात ऊन जसं सरकतं तशी मी सरकते. चालताना माझा डावा पाय थोडा ओढला जातो. तो का ओढला जातो, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म आईच्या पंखाखाली झाला नाही. एका मोठ्या मशीनच्या पेटीत झाला. डोळे उघडले तेव्हा आजूबाजूला माझ्यासारखीच शंभरएक पिवळी पिल्लं होती आणि वर एक दिवा होता. काही दिवसांनी आम्हाला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून दुकानात आणलं. तिथे एक बाई आली. तिच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. तिने मला निवडलं असं सांगायला मला आवडलं असतं, पण खरं सांगायचं तर तिने खोक्यात हात घातला आणि हाताला लागली ती चार पिल्लं उचलली. त्यात मी होते.

ती बाई म्हणजे आत्या. ती एका रंगाऱ्याची थोरली बहीण. रंगाऱ्याची मुलं तिला आत्या म्हणत, म्हणून गल्लीही तिला आत्या म्हणू लागली, आणि पुढे आम्ही कोंबड्याही. आई लवकर गेल्यावर तिनेच रंगाऱ्याला वाढवलं होतं, आणि मग त्याच्या दोन्ही मुलांना. मी आले तेव्हा मुलं मोठी होऊन आपापल्या कामाच्या गावी गेली होती. घरात तिघंच राहत होती. आत्या, रंगारी आणि त्याची बायको. आत्या तिला वहिनी म्हणे, म्हणून मीही वहिनीच म्हणते. वहिनी कापडाच्या दुकानात कामाला होती. ती सकाळी डबा घेऊन जायची आणि अंधार पडताना यायची. रंगारीही दिवसभर लोकांच्या भिंतींवर असायचा. परसात राहायचो आम्ही आणि आत्या.

आमचं खुराडं पाहायला लोक थांबत. रंगाऱ्याने ते मोडक्या दारांच्या फळ्यांचं केलं होतं आणि ज्या घरी जो रंग उरला तो त्याला लावला होता. एक बाजू हिरवी, एक गुलाबी, छप्पर आकाशी. अंडी घालायला रंगाचे रिकामे मोठे डबे आडवे बांधले होते, आत भुसा होता. आम्ही चौघी त्यात राहायचो. काळी सगळ्यांत दांडगी, ती पहिली खायची. ठिपकी भित्री. तिसरीच्या मानेवर पिसंच नव्हती, तिला सगळे उघडी म्हणत. आणि मी तांबडी.

पाच महिन्यांची झाले तेव्हा मी पहिलं अंडं दिलं. आधी कासावीस व्हायला झालं, उगाच इकडून तिकडे फिरले, आणि मग एकदम हलकं वाटलं. मी एवढा आरडाओरडा केला की आत्या ओल्या हातांनी धावत आली. तिने ते अंडं उचललं, चष्मा कपाळावर सरकवला आणि ते गरम अंडं मिटलेल्या डोळ्यावर ठेवून क्षणभर उभी राहिली. मग दुसऱ्या डोळ्यावर ठेवलं. मला म्हणाली, "बरं वाटलं गं."

माझं आयुष्य सार्थकी लागलं असं मला त्या दिवशी वाटलं.

पुढची दोन वर्षं आमची भरभराटीची होती. घरापुरती अंडी ठेवून बाकीची कोपऱ्यावरच्या बेकरीत जायची. बेकरीवाला मोठा थट्टेखोर माणूस होता. तो म्हणायचा, "आत्या, तुमची अंडी फोडायला हातोडी आणू का? माझ्या भांड्याची कड झिजली." आत्या हसायची आणि परत येताना त्याच्याकडून एक डबाभर टरफलं घेऊन यायची. होय मित्रांनो, फोडलेल्या अंड्यांची रिकामी टरफलं. बेकरीत ती रोज ढिगाने निघत, आणि बेकरीवाल्याला वाटे की आत्या ती झाडांना घालते.

आत्या ती झाडांना घालत नव्हती. ती टरफलं धुवायची, पत्र्यावर उन्हात वाळवायची, मग जुन्या तव्यावर चांगली भाजायची. भाजताना एक करपट वास सुटायचा. त्यानंतर खलबत्त्यात घालून कुटायची, इतकी बारीक की अंड्याची आहेत हे ओळखू येऊ नये. तो पांढरा चुरा ती कान तुटलेल्या एका कपात भरायची आणि कप खुराड्याच्या कोपऱ्यात विटेला टेकवून ठेवायची. आमच्या खाद्यात मिसळायची नाही. ज्या दिवशी जिला हवं ती जाऊन चार चोची मारायची. मला दुपार कलली की तिकडे जावंसं वाटायचं. का, ते माहीत नव्हतं. तुम्हाला तहान लागते तेव्हा तरी कुठे कारण माहीत असतं?

हे सगळं ती घरात कोणी नसताना करायची. लपवून नाही. ती दोघं कामावर असायची म्हणून, एवढंच. आणि संध्याकाळी ती दोघं आल्यावर "आज मी काय केलं" असं सांगत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला ती पडली.

मी ते पाहिलं आहे. ती पिंपातून बादली भरून घेऊन येत होती. मागच्या दाराची पायरी ओली होती. पाय सरकला आणि ती हातावर पडली. फार जोरात नाही, एखादं मूल खेळताना पडतं तसं. पण कट असा आवाज आला, वाळकी काटकी मोडल्यासारखा. ती ओरडली नाही. तिने आधी डाव्या हाताने आडवी झालेली बादली उभी केली, आणि मग पायरीवर बसून राहिली. रंगारी योगायोगाने शिडी न्यायला घरी आला, तेव्हा कुठे कोणाला कळलं. तो तिला तसाच दवाखान्यात घेऊन गेला.

संध्याकाळी तो आणि वहिनी परसात उभे राहून बोलत होते. आत्या आत झोपली होती, म्हणून आवाज खाली ठेवले होते.

"मनगट मोडलंय," रंगारी म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा पडण्याने मोडायला नको होतं. हाडांची चाळण झालीय."

"अशी कशाने होते?"

"वयाने, म्हणाले. आणि पोटात वर्षानुवर्षं पुरेसं गेलं नाही की होते. मला विचारत होते, दूध घेतात का, काय खातात. मला सांगता येईना." तो थोडा वेळ पायाने माती उकरत राहिला. "मला खरंच माहीत नाही गं, ती काय खाते."

 वहिनीही त्या घरात पंचवीस वर्षं जेवत होती.

दोन दिवसांनी रंगाऱ्याची मुलगी आली आणि आत्याला आपल्या घरी घेऊन गेली. ती तिकडे एका इस्पितळात परिचारिका होती, आत्याची नीट काळजी घेता येईल असं सगळ्यांनाच वाटलं. जाताना आत्या खुराड्यापाशी आली. हात गळ्यात बांधलेला होता. वहिनीला म्हणाली, "यांच्याकडे बघशील ना?" वहिनी म्हणाली, "काळजी करू नका ताई, मी आहे ना." बाहेर रिक्षावाला घाई करत होता. आणखी काही सांगायचं राहून गेलं असावं.

वहिनीला दोष देऊ नका. ती पहाटे उठून आमचं पाणी बदलायची, खाद्य घालायची, मग घरचं करून दुकानात जायची. दिवसभर उभं राहून कापड फाडायचं आणि परत आल्यावर पुन्हा आम्ही. पहिल्याच रविवारी तिने खुराडं झाडून लख्ख केलं. कोपऱ्यातला कप उचलला. तळाला चमचाभर चुरा होता. तिला वाटलं वाळू आहे. तिने ती झटकली, कप घासला आणि आत फडताळात ठेवून दिला.

मी त्या दुपारी कोपऱ्यात गेले. वीट होती, कप नव्हता. मी विटेलाच दोन चोची मारून पाहिल्या.

पुढे ऊन वाढलं. पत्रा तापायचा, आम्ही चोची उघड्या टाकून धापा टाकायचो. कोरडं खाद्य घशाखाली उतरत नसे. ते पाहून वहिनीला आमची दया आली. तिने बेकरीतून शिळे पाव आणले आणि पाण्यात भिजवून आमच्यापुढे ठेवले. तो गार, मऊ पाव आम्हाला किती आवडला म्हणून सांगू. काळी तर त्यावर उभीच राहायची. पोट पावानेच भरू लागलं आणि खाद्याचं भांडं भरलेलं राहू लागलं. मायेनेच दिलं होतं ते. पण अंड्याच्या टरफलाला जे लागतं ते पावात नसतं.

पहिल्यांदा माझ्या अंड्यावर वाळूसारखा खरखरीत थर आला. मग एक बाजू इतकी पातळ झाली की उजेडात धरलं तर आतलं हलताना दिसायचं. वहिनी टोपलीत अंडी ठेवायची आणि बेकरीत पोचेपर्यंत दोन तडकलेली असायची. एका संध्याकाळी बेकरीवाला स्वतः आला. हातात माझं अंडं होतं. त्याने ते अंगठ्याने हळूच दाबलं, तसं ते आत गेलं आणि पुन्हा वर आलं.

"वहिनी," तो म्हणाला, "अंडी पाठवलीत की फुगे?"

तो सवयीने थट्टा करत होता, पण वहिनीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "ताई असताना असं कधी झालं नाही. माझ्याच हाताला काही गुण नाही." बेकरीवाला वरमला. "तसं नाही हो, ऊनच फार आहे," असं काहीतरी पुटपुटून गेला.

तिने हात-पाय गाळले नाहीत. डब्यांतला भुसा बदलून जाड केला. दुकानातल्या चिंध्यांचे पडदे शिवून डब्यांच्या तोंडाशी लावले, म्हणजे आत अंधार राहील आणि अंड्यांवर चोच कोणी मारणार नाही. पत्र्यावर ओली पोती टाकली. खाद्याच्या दुकानातून ताकदीची पावडर आणली आणि पाण्यात मिसळली. सगळं मनापासून केलं. पण टरफल काही जाड होईना.

मित्रांनो, आता मला माझ्याबद्दल एक लाजिरवाणी गोष्ट सांगायची आहे.

एका सकाळी मी डब्यात बसले होते. अंडं बाहेर आलं ते बिनटरफलाचं. नुसती एक ओली पिशवी. मी उठायला गेले आणि पायाखाली ती फुटली. पिवळं सगळं भुशात पसरलं. मी चोच घातली. आधी नुसतंच पाहायला, मग थांबताच येईना. पुढे काळीचं अंडं तडकलेलं दिसलं तेव्हा मी त्याचं टरफल खाल्लं. आतलं तसंच राहिलं, मला टरफल हवं होतं. परसाच्या भिंतीला पांढरा चुना लावलेला होता, त्यावरही मी चोची मारू लागले. माझं पाहून बाकीच्याही मारू लागल्या. आमच्या उंचीपर्यंत भिंत खरवडलेली दिसू लागली. रंगारी एक दिवस त्या भिंतीपुढे उभा राहून म्हणाला, "ओल धरलीय वाटतं. लोकांच्या भिंती रंगवतो आणि स्वतःच्या घराची ही कळा." आणि तो कामाला निघून गेला.

त्याच आठवड्यात वहिनीने माझ्या चोचीला पिवळं लागलेलं पाहिलं.

तिने मला मारलं नाही. ती डब्यापाशी उकिडवी बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे तू होय," ती म्हणाली. खाद्याच्या दुकानदाराने तिला सांगितलं होतं की अंडी खाणारी कोंबडी सुधारत नाही, ती बाकीच्यांनाही बिघडवते, तिला वेळीच काढून टाकावं. शिवाय मी आता लंगडत होते. रात्री बसायच्या दांडीवर मला उडी मारता येत नसे. मी खाली कोपऱ्यातच बसायचे. आजारी, लंगडी आणि वर चोरटी. अशा कोंबडीला कोण ठेवील?

ठरलं असं, की रविवारी सकाळी कोंबड्या कापणारा दुकानदार येऊन मला घेऊन जाईल. शनिवारी दुपारी दुकान लवकर सुटलं म्हणून वहिनी घरी होती. तिने मला बाकीच्यांपासून वेगळं काढून एका उलट्या टोपलीखाली ठेवलं. टोपलीवर वीट ठेवली. मग बराच वेळ तिथेच घुटमळली, टोपलीच्या फटीतून चार दाणे आत टाकले आणि घरात गेली. उद्या काय होणार ते मला कळत नव्हतं. फक्त इतर तिघींचा आवाज येत होता आणि त्यांच्यात जाता येत नव्हतं.

त्याच शनिवारी संध्याकाळी आत्या परत आली. तिने दोन महिने म्हणून सांगितलं होतं, पण दुसऱ्याच्या घरी तिचं मन रमेना, आणि सहा आठवड्यांतच ती भाचीच्या मागे लागून बसमध्ये बसली. हाताचं प्लास्टर निघालं होतं, पण मनगटाला पट्टा होता आणि बोटं सुजलेली होती. ती चहा न घेताच मागे आली. वहिनी आणि रंगारी तिच्या पाठोपाठ आले.

"ही टोपलीखाली का?" आत्याने विचारलं.

वहिनीने सगळं सांगितलं. फुगे म्हणालेला बेकरीवाला, पडदे, पावडर, सगळं.  "मी सगळं करून पाहिलं ताई. तुम्ही माझ्यावर सोपवून गेलात आणि मला चार कोंबड्यासुद्धा सांभाळता आल्या नाहीत. उद्या तो माणूस हिला न्यायला येतोय."

आत्या ऐकत होती, पण तिचं लक्ष भिंतीकडे होतं. ती जवळ गेली आणि खरवडलेल्या चुन्यावरून डावा हात फिरवला.

"ते ओलीने झालंय," रंगारी म्हणाला. "पुढच्या आठवड्यात हात मारतो."

"ओल खालून वर चढते. ही बघ, एकेका चोचीची खूण आहे." आत्या वळली. "वहिनी, इथे एक कप होता ना गं? कान तुटलेला?"

"तो होय? मी घासून आत ठेवलाय. त्यात वाळू साचली होती, ती टाकून दिली."

 आत्या म्हणाली, "वाळू नव्हती ती. टरफलांचा चुरा होता. तोच खाऊन यांची टरफलं होतात."

"रोज लागतो?"

"रोज."

"आणि तो तुम्ही…"

"कुटत होते दुपारचं."

वहिनी पायरीवर खाली बसली. "मला काहीच माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"मी सांगितलंच नाही, तर तुला कसं माहीत असणार? चूक माझी आहे," आत्या म्हणाली. "मला वाटलं, हे काय सांगायचं." मग तिने एका हाताने वीट बाजूला केली, टोपली उचलली आणि मला छातीशी धरलं. माझ्या पोटाखालून बोटं फिरवून छातीचं हाड चाचपलं, पाय चाचपला. "अगं बाई," एवढंच म्हणाली.

रंगाऱ्याने तेव्हाच जाऊन त्या दुकानदाराला येऊ नको म्हणून सांगितलं. बेकरी बंद व्हायच्या आत तो एक डबा टरफलंही घेऊन आला. बेकरीवाला म्हणे डोक्याला हात लावून बसला. "मी दीड महिना ही कचऱ्यात टाकतोय. मला वाटलं, आत्या नाहीत तर झाडांना कोण घालणार?"

दुसऱ्या दिवशी, रविवारी, टरफलं वाळली. तवा वहिनीने ठेवला, कुटायलाही तीच बसली, कारण आत्याच्या हातात बत्ता धरवत नव्हता. आत्या शेजारी बसून सांगत होती. अजून बारीक कर. मोठे तुकडे ठेवलेस तर त्यांना अंडं ओळखू येईल आणि नसती सवय लागेल. पाव मूठभरच द्यायचा, आणि तोही खाद्य खाऊन झाल्यावर. मी तिच्या मांडीवर होते, म्हणून मी हे सगळं ऐकलं.

"पण मला एक कळत नाही ताई," वहिनी म्हणाली. "चुरा मिळत नव्हता, तरी ही अंडी देतच होती. पातळ का होईना, पण रोज. ते कुठून आणत होती?"

"आणणार कुठून? स्वतःच्या हाडांतून काढून देत होती. बाहेरून मिळालं नाही तर कोंबडी आतलं काढते. म्हणून पाय गेला हिचा." आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. "अंडं मिळतंय तोवर कोणी बघत नाही, आत काय उरलंय ते."

वहिनीच्या हातातला बत्ता थांबला. ती आत्याच्या मनगटाच्या पट्ट्याकडे बघत होती.

"ताई, डॉक्टरांच्या गोळ्या घेताय ना?"

"संपल्या त्या."

"कधी?"

"झाले दहा-बारा दिवस. पोरीला आधीच दवाखान्याची धावपळ, तिला आणखी कुठे सांगत बसू? मला आता बरंच आहे."

वहिनीने बत्ता खाली ठेवला. हात पदराला पुसले, पायात चपला घातल्या आणि तशीच बाहेर गेली. अर्ध्या तासाने आली तेव्हा तिच्या हातात औषधाच्या दुकानाची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात दुधाची. तिने दूध तापवलं, पेला आत्यापुढे ठेवला, गोळी हातावर ठेवली आणि पुन्हा कुटायला बसली. आत्या म्हणाली, "अगं, तुम्हा दोघांना ठेवलंस का?" वहिनी म्हणाली, "तुम्ही आधी प्या." तिचा आवाज असा होता की आत्याने वाद घातला नाही.

मला बरं व्हायला वेळ लागला. पहिले काही दिवस मी कपापाशीच बसून असायचे. आठ दिवसांनी बिनटरफलाची पिशवी यायची थांबली. पंधरा दिवसांनी अंडं हातात धरून वाजवलं तर टक टक आवाज येऊ लागला. अंडी खायची माझी सवय आपोआप सुटली, कारण खायला आता तडकलेलं अंडंच मिळेना. रंगाऱ्याने भिंतीला खालपासून कमरेपर्यंत ऑइल पेंट मारला आणि आम्हाला म्हणाला, "आता मारा चोची." पाय मात्र पूर्वीसारखा झाला नाही. हाडांतून गेलेलं सगळं परत येत नाही, मित्रांनो. थोडं येतं, त्यावर चालवून घ्यावं लागतं.

आत्याचं मनगटही तसंच. जोर कमी राहिला. हात बरा झाल्यावर तिने एक दिवस खलबत्ता पुढे ओढला, तर वहिनी म्हणाली, "राहू द्या, रविवारचं माझं काम आहे ते." आत्याला सुचेना, आपण आता काय करायचं. ती थोडा वेळ मोकळे हात घेऊन बसली. मग माझ्या शेजारी येऊन उन्हात बसली. तिला नुसतं बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यालाही आता चार वर्षं झाली. काळी गेली, ठिपकी गेली. मी आणि उघडी उरलो, आणि नव्या तिघी आल्या. वयाबरोबर माझी अंडी कमी होत गेली. आठवड्यात एक, मग महिन्यात एक. वय झालं की टरफल थोडं पातळ होतंच, कितीही चुरा खाल्ला तरी, आणि आता त्यावरून कोणी माझ्याकडे वाकडं पाहत नाही.

मागच्या थंडीत मी शेवटचं अंडं दिलं. शेवटचं आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. सकाळची वेळ होती, तिघंही घरी होती आणि मागच्या पायरीवर उन्हात नाश्त्याला बसली होती. वहिनीने ते अंडं उकडलं, सोललं आणि बशीत घालून आत्यापुढे ठेवलं. आत्याने ते मधोमध कापलं आणि अर्धं रंगाऱ्याच्या बशीत सरकवलं. वहिनीने ते उचलून पुन्हा आत्याच्या बशीत ठेवलं. आत्याने रंगाऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "खा की गं ताई. सगळं खा." आणि ती खाईपर्यंत ती दोघं आपापल्या पेल्यातला चहा तसाच धरून बसून राहिली.

मित्रांनो, कोंबड्या पाळल्यात तर त्यांना सावली द्या, पोटभर योग्य खाद्य द्या आणि टरफलांचा चुरा द्यायला विसरू नका. आणि एखादीचं अंडं पातळ येऊ लागलं, तर ती बिघडली असं म्हणण्याआधी तिच्याजवळ बसा आणि तिला काय कमी पडतंय ते शोधा. आम्हाला ते मागता येत नाही. ज्यांना मागता येतं, त्यांतलेही काहीजण मागत नाहीत.